थोर शास्त्रज्ञ विल्यम हर्षल आणि न दिसणारे किरण

इयत्ता चौथी, जि. प. प्राथमिक शाळा, पिंगळी



आपल्या भित्तिपत्रकात दरवेळी एका थोर माणसाची माहिती असते. मागच्या अंकांत महात्मा फुले, सावित्रीबाई फुले आणि गाडगेबाबा येऊन गेले. हा अंक २८ फेब्रुवारीचा, म्हणजे विज्ञान दिनाचा आहे. म्हणून गुरुजींनी प्रत्येकाला एक शास्त्रज्ञ निवडायला सांगितला. बऱ्याच जणांनी रामन आणि अब्दुल कलाम घेतले. मी विल्यम हर्षल घेतले. वर्गातली मुलं म्हणाली की हे कोण बुवा, आम्ही तर नावपण ऐकलं नाही. पण त्यांचं नाव आपल्या घराघरांत आहे. ते कसं, ते पुढे सांगते. आधी मी त्यांना का निवडलं ते सांगते, कारण त्यात माझी एक चूक आहे.

आजीचा दिवा

माझ्या आजीचे गुडघे दुखतात. आजीनं जन्मभर रानात काम केलं. कापूस वेचला, ज्वारी काढली, खुरपणं केलं. आता तिला उठताना जमिनीला हात टेकावा लागतो. आधी ती घरचाच शेक घ्यायची. वीट चुलीत तापवायची आणि फडक्यात गुंडाळून गुडघ्याला लावायची. नाहीतर तव्यावर मीठ गरम करून त्याची पुरचुंडी करायची. तेवढ्यापुरतं तिला बरं वाटायचं.

मागच्या वर्षी बाबांनी तिला परभणीला दवाखान्यात नेलं. मी पण हट्ट करून गेले. आपल्या पिंगळी स्टेशनावरून आम्ही रेल्वेनं गेलो. दवाखान्यात व्यायाम शिकवणाऱ्या एक ताई होत्या. त्यांनी आजीला खाटेवर निजवलं आणि एक दिवा आणला. उंच दांडीवर लाल काचेचा मोठा बल्ब होता. सगळी खोली लाल झाली. मला वाटलं आता आजीला इंजेक्शन देतात की काय. पण ताईंनी दिवा गुडघ्यापासून दोन फूट लांब ठेवला आणि १५ मिनिटांचं घड्याळ लावलं. त्याआधी त्यांनी आजीला शुगर आहे का ते विचारलं. आजीला शुगर आहे. मग ताईंनी दोन काचेच्या नळ्या घेतल्या. एकीत थंड पाणी, एकीत गरम पाणी. आजीला डोळे मिटायला लावून त्या नळ्या पायाला लावल्या आणि कोणती थंड, कोणती गरम ते विचारलं. गुडघ्यावर आजीनं बरोबर सांगितलं. पावलांवर मात्र तिचं चुकलं. तेव्हा ताईंनी पावलांवर जाड टॉवेल टाकला. तसं का केलं ते मी विचारलं नाही. विचारायला पाहिजे होतं.

मी एवढंच विचारलं की दिवा अंगाला लागत तर नाही, मग गुडघा गरम कसा होतो. ताईंनी सांगितलं की लाल उजेड आपल्याला दिसतो, पण खरं काम न दिसणारे किरण करतात. त्यांना अवरक्त किरण म्हणतात. ते कातडीत शिरतात आणि कातडी गरम होते. तिथल्या रक्ताच्या बारीक नळ्या रुंद होतात, जास्त रक्त येतं, आखडलेलं सैल पडतं आणि दुखणं काही वेळ कमी होतं.

पुढे रोज परभणीला जाणं होईना. भाडं लागतं आणि बाबांची मजुरी बुडते. म्हणून बाबांनी बाजारातून तसाच एक दिवा आणला. घड्याळ पाहायचं काम माझ्याकडे दिलं. आठ-दहा दिवस मी ते नीट केलं. एके दिवशी आजी म्हणाली की पावलांना लई मुंग्या येतात, दिवा तिकडं फिरव. मी फिरवला. मग म्हणाली की काहीच ऊन लागत नाही, जवळ घे. मी अगदी जवळ घेतला. तेवढ्यात बाहेरून मैत्रिणींनी लगोरी खेळायला हाक मारली. मी म्हटलं एक डाव खेळून येते. एकाचे तीन डाव झाले. घरात आले तर आजी झोपलेली, आणि दिवा तसाच चालू.

दुसऱ्या दिवशी आजीच्या पावलावर मोठा फोड आला होता. आजीला तो कळलापण नाही, आईला दिसला. मग सरकारी दवाखान्यात रोज पट्टी बदलायला जावं लागलं. फोड बरा व्हायला दीड महिना लागला. शुगर झालेल्या माणसाच्या पावलाला पुष्कळदा ऊन, थंड, काटा काहीच कळत नाही, आणि जखमपण लवकर भरत नाही. आता मला टॉवेलाचा अर्थ समजला. आजी मला एक शब्द बोलली नाही. त्यानं मला जास्त रडू आलं.

मी गुरुजींना सगळं सांगितलं आणि विचारलं की हे न दिसणारे किरण कोणी शोधले. गुरुजींनी कपाटातून शास्त्रज्ञांचं पुस्तक काढून दिलं. त्यात मला विल्यम हर्षल भेटले. आता त्यांची गोष्ट ऐका.

जन्म व बालपण

विल्यम हर्षल यांचा जन्म १५ नोव्हेंबर १७३८ रोजी जर्मनीतल्या हॅनोव्हर या गावी झाला. त्यांच्या वडिलांचं नाव आयझॅक आणि आईचं नाव ॲना होतं. वडील पलटणीच्या बँडमध्ये वाजवायचे. ते सनईसारखं एक वाद्य वाजवत. त्याला ओबो म्हणतात. घरात लेकरं पुष्कळ आणि पगार थोडा. पण घरात गाणंबजावणं भरपूर होतं. वडिलांना आकाशातल्या ताऱ्यांचीपण आवड होती. ते रात्री मुलांना अंगणात नेऊन तारे दाखवायचे. माझे आजोबापण उन्हाळ्यात ओसरीपुढं बाज टाकून मला सप्तर्षी दाखवतात. त्यामुळे हे वाचून मला बरं वाटलं.

हर्षल पलटणीच्या शाळेत शिकले आणि लहानपणीच वडिलांच्या बँडमध्ये लागले. पुढे लढाई लागली. फ्रेंच सैन्य हॅनोव्हरवर चालून आलं. १७५७ साली हर्षल आपल्या भावाबरोबर इंग्लंडला गेले. तेव्हा ते १९ वर्षांचेही नव्हते. जवळ पैसा नव्हता. गाण्याचे कागद उतरवून देणे, शिकवण्या घेणे, असं करून त्यांनी पोट भरलं. आपल्याकडे १७६१ साली पानिपतची लढाई झाली, तेव्हा हे इंग्लंडमध्ये गावोगाव फिरून वाद्य वाजवत होते.

१७६६ साली त्यांना बाथ या गावी एका चर्चमध्ये ऑर्गन वाजवायची नोकरी मिळाली. ऑर्गन म्हणजे आपल्या पेटीचा लई मोठा भाऊ. हर्षल मोठे संगीतकार झाले. त्यांनी २४ सिंफनी रचल्या. म्हणजे पुष्कळ वाद्यांनी मिळून वाजवायचं मोठं संगीत. म्हणजे बघा, ते आधी शास्त्रज्ञ नव्हतेच. ते वाजंत्री होते.

बहीण कॅरोलिन

हर्षल यांची धाकटी बहीण कॅरोलिन. तिचा जन्म १६ मार्च १७५० चा. लहानपणी तिला देवी आल्या. तोंडावर व्रण राहिले. दहा वर्षांची असताना, म्हणजे माझ्याएवढी असताना, तिला टायफस नावाचा मोठा ताप आला. त्यानं तिची वाढ खुंटली. पुढे ती जन्मभर सव्वाचार फुटांच्या आसपासच राहिली. आईला वाटायचं की पोरीनं घरकाम शिकावं, बाकी शिकून काय करायचं. वडील चोरून थोडं शिकवायचे. १७७२ साली हर्षल हॅनोव्हरला आले आणि बहिणीला इंग्लंडला घेऊन गेले. आईचं काम अडू नये म्हणून त्यांनी कामाला बाई ठेवण्यापुरते पैसे आईला द्यायची सोय केली. मग आई सोडायला तयार झाली.

इंग्लंडमध्ये भावानं बहिणीला गाणं, इंग्रजी आणि गणित शिकवलं. कॅरोलिनबाईंना पाढे काही पाठ होत नव्हते. त्या पाढ्यांचा कागद सारखा जवळ ठेवायच्या असं सांगतात. तरी पुढे त्यांनी ताऱ्यांची मोठमोठी गणितं केली. ज्यांना १७ चा पाढा येत नाही त्यांनी हे लक्षात ठेवावं. मीपण ठेवलं आहे.

घरातच दुर्बिणीचा कारखाना

१७७३ च्या सुमारास हर्षल यांना ताऱ्यांचं वेड लागलं. दिवसभर शिकवण्या आणि रात्री आकाश. पण चांगली दुर्बीण लई महाग होती. मग त्यांनी ठरवलं की आपणच बनवू. त्यांच्या दुर्बिणीत भिंगाऐवजी खोलगट आरसा असायचा. तो काचेचा नसून तांबं आणि कथील मिळून केलेल्या धातूचा असायचा. तो घासून घासून गुळगुळीत करावा लागे. एकदा घासायला बसलं की मध्ये हात थांबवायचा नाही. एकदा ते १६ तास घासत राहिले. तेव्हा कॅरोलिनबाई त्यांच्या तोंडात घास भरवायच्या. घरात सगळीकडे आरसे, हत्यारं आणि भुगा. बैठकीच्या खोलीत सुतारकाम, दुसऱ्या खोलीत लेथ.

१७८१ च्या ऑगस्टमध्ये त्यांनी मोठा आरसा ओतायचं ठरवलं. त्याचा साचा कशाचा होता माहीत आहे का? माती आणि घोड्याच्या लिदीचा! कॅरोलिनबाईंनी ती लीद कुटून चाळून दिली. आपल्याकडे बाया शेणमाती कालवतात तसंच. पण धातू वितळल्यावर भट्टीतून गळाला आणि खालच्या दगडी फरशीवर सांडला. तापलेल्या धातूनं फरशा फुटून उडू लागल्या. सगळी माणसं दारातून पळाली. हर्षल पळता पळता विटांच्या ढिगावर पडले. नशीब, कोणी मेलं नाही. एवढं होऊनही त्यांनी आरसे करणं सोडलं नाही. मला हा भाग सगळ्यात आवडला, कारण त्यांच्या हातूनपण भाजणारी चूक झाली होती.

पंचांगातले हर्षल

त्याच वर्षी, पण आधी, १३ मार्च १७८१ रोजी रात्री एक मोठी गोष्ट घडली होती. हर्षल बाथच्या आपल्या घरामागच्या बागेतून स्वतः केलेल्या दुर्बिणीनं आकाश बघत होते. त्यांना एक तारा इतरांपेक्षा मोठा आणि वाटोळा दिसला. काही दिवसांनी पाहिलं तर तो जागचा हलला होता. आधी त्यांना तो धूमकेतू वाटला. मग इतर विद्वानांनी गणित केलं आणि कळलं की तो तर ग्रह आहे! तोपर्यंत माणसांना शनीपर्यंतचेच ग्रह माहीत होते. हा नवा ग्रह शनीच्या जवळजवळ दुप्पट लांब आहे. त्याला सूर्याभोवती एक फेरी मारायला ८४ वर्षं लागतात. म्हणजे आजोबांच्या जन्मापासून आजोबांच्या म्हातारपणापर्यंत त्याचं एकच वर्ष होतं.

या ग्रहाला पुस्तकात युरेनस म्हणतात. पण आपल्या पंचांगात आणि कुंडलीत त्याला काय म्हणतात? हर्षल! मी आजोबांना विचारलं तर त्यांनी पंचांग काढून मला हर्षल हे नाव दाखवलं. आजोबांनापण माहीत नव्हतं की हे एका माणसाचं आडनाव आहे. म्हणून मी वर म्हटलं की त्यांचं नाव आपल्या घराघरांत आहे. तेव्हा आपल्याकडे अहिल्याबाई होळकर महेश्वरहून राज्य करीत होत्या.

या शोधानं हर्षल जगभर प्रसिद्ध झाले. इंग्लंडच्या तिसऱ्या जॉर्ज राजानं १७८२ साली त्यांना वर्षाला २०० पौंड पगार दिला. मग त्यांनी गाण्याची नोकरी सोडली. १७८७ पासून राजानं कॅरोलिनबाईंनापण वर्षाला ५० पौंड पगार सुरू केला. भाऊ दुर्बिणीतून पाहून ओरडून सांगायचा आणि बहीण घड्याळ पाहून वेळेसकट लिहून घ्यायची. कडाक्याची थंडी असली तरी काम चालायचं. १७८३ सालच्या शेवटच्या रात्री कॅरोलिनबाई बर्फात घसरल्या आणि लोखंडी आकडा मांडीत घुसला. तरी त्यांनी काम सोडलं नाही. त्यांनी स्वतः ८ धूमकेतू शोधले. हर्षल यांनी मिळून सुमारे २५०० तेजोमेघ आणि तारकागुच्छ नोंदवले.

१७८९ साली हर्षल यांनी स्लाव या गावी ४० फूट लांबीची दुर्बीण उभी केली. तिचा आरसा ४ फूट रुंद होता. तिची नळी एवढी मोठी की पुरी होण्याआधी राजा स्वतः तिच्यातून चालत गेला होता. पण ती हलवायला लई अवघड होती. म्हणून हर्षल बहुतेक काम २० फुटी दुर्बिणीवरच करायचे. मोठं म्हणजे चांगलंच असं नसतं.

न दिसणाऱ्या किरणांचा शोध

आता मुख्य गोष्ट. १८०० साल उजाडलं. हर्षल ६१ वर्षांचे झाले होते. आपल्याकडे त्याच वर्षी १३ मार्चला पुण्यात नाना फडणवीस वारले.

हर्षल तेव्हा सूर्याचा अभ्यास करीत होते. सूर्याकडे दुर्बिणीतून तसंच पाहिलं तर डोळा जातो. म्हणून ते रंगीत काचा लावायचे. (मुलांनो, आपण काच लावूनसुद्धा पाहायचं नाही.) तेव्हा त्यांना एक गंमत जाणवली. काही काचांतून उजेड थोडा यायचा पण डोळ्याला ऊब लई लागायची. काही काचांतून उजेड भरपूर यायचा पण ऊब लागत नव्हती. दुसरा कोणी असता तर काच बदलून मोकळा झाला असता. हर्षल यांनी विचार केला की उजेडातल्या सगळ्या रंगांत ऊब सारखी नसेल.

त्यांनी नुसता हात लावून अंदाज केला नाही. त्यांनी मोजलं. खिडकीत लोलक ठेवून टेबलावर इंद्रधनुष्य पाडलं. तीन तापमापक घेतले. त्यांचे फुगे काळे केले, कारण काळा रंग ऊन जास्त शोषतो. एक तापमापक रंगात ठेवला आणि दोन बाजूला सावलीत. खोलीच गरम झाली तर सावलीतल्यांवरून कळावं म्हणून. जांभळ्या रंगात पारा २ अंश चढला. हिरव्यात सव्वातीन अंश. लाल रंगात जवळजवळ ७ अंश. हे त्यांचे फॅरनहाइटचे अंश आहेत.

मग त्यांनी तापमापक लाल रंगाच्या पलीकडे ठेवला. तिथे काहीच उजेड नव्हता. नुसतं टेबल दिसत होतं. तरीही पारा चढला! हर्षल यांच्या ध्यानात आलं की सूर्याच्या उजेडात असेही किरण आहेत जे डोळ्यांना दिसत नाहीत, आणि सगळ्यात जास्त उष्णता लालच्या पलीकडेच आहे. मग त्यांनी मेणबत्ती, पेटलेली शेगडी आणि तापवलेलं लोखंड यांच्यावरही प्रयोग केले. हे किरण उजेडासारखेच आरशावरून परततात आणि भिंगातून वळतात असं दिसलं. त्यांना पुढे इन्फ्रारेड म्हणजे लालच्या खालचे हे नाव पडलं. आपल्या मराठीत अवरक्त.

चुलीपुढं बसलं की गाल गरम होतात ना? मध्ये कोणी उभं राहिलं की लगेच गार वाटतं. तेच अवरक्त किरण. आपली आई रोज त्यांच्यापुढं भाकरी करते, पण सूर्याच्या उजेडात लालच्या पलीकडे ते असतात हे १८०० सालापर्यंत कोणी मोजून दाखवलं नव्हतं.

आम्ही हा प्रयोग शाळेत केला. विज्ञान पेटीतला लोलक घेतला, एक खोका घेतला आणि काजळी लावून तापमापकांचे फुगे काळे केले. जानेवारीतलं स्वच्छ ऊन होतं. सावलीतला तापमापक ३० वर होता. निळ्यातला ३१ झाला, पिवळ्यातला ३२ झाला आणि लालच्या बाहेरचा ३४ झाला. पहिल्यांदा मुलांना वाटलं की तो तापमापकच खराब असेल. मग गुरुजींनी जागा बदलून पुन्हा करायला लावलं. तरी तसंच झालं. वेळ पाहायचं काम मी मागून घेतलं. यावेळी मी घड्याळापासून हलले नाही.

चुकापण झाल्या

हर्षल यांच्या काही गोष्टी चुकल्याही. त्यांना वाटायचं की सूर्याच्या आत थंड जमीन आहे आणि तिथं जीव राहतात. ते साफ चूक निघालं. उजेडाचे किरण आणि उष्णतेचे किरण वेगळेच असतात असंपण त्यांना शेवटी वाटलं होतं. पुढच्या लोकांनी दाखवलं की दोन्ही एकाच जातीचे आहेत, आपला डोळा फक्त थोडेच पाहू शकतो. मी गुरुजींना विचारलं की मग ते थोर कसे. गुरुजी म्हणाले की त्यांनी काय केलं, कसं केलं, किती अंश आले ते सगळं लिहून ठेवलं, म्हणून पुढच्यांना चूक सापडली. लपवली असती तर सापडली नसती. म्हणून मीपण माझी चूक वर लिहिली आहे.

शेवटचे दिवस

हर्षल यांनी १७८८ साली लग्न केलं. त्यांच्या बायकोचं नाव मेरी. मुलगा जॉन १७९२ साली झाला. तोपण मोठा शास्त्रज्ञ झाला. १८१६ साली राजघराण्यानं हर्षल यांना सर केलं. २५ ऑगस्ट १८२२ रोजी स्लाव येथे ते वारले. तेव्हा ते ८३ वर्षांचे होते. म्हणजे त्यांनी शोधलेल्या ग्रहाच्या एका वर्षाएवढंच त्यांचं आयुष्य झालं, थोडंसंच कमी.

कॅरोलिनबाई परत हॅनोव्हरला गेल्या. १८२८ साली त्यांना लंडनच्या खगोल संस्थेनं सोन्याचं पदक दिलं. ९ जानेवारी १८४८ रोजी त्या ९७ वर्षांच्या होऊन वारल्या. त्याच १८४८ साली पुण्यात जोतिबा आणि सावित्रीबाईंनी मुलींची शाळा सुरू केली.

त्यांच्या शोधाचा उपयोग

हर्षल यांनी दवाखान्यासाठी हा शोध लावला नव्हता. पण पुढे विजेचे दिवे आले आणि डॉक्टर लोकांनी त्यांचा उपयोग सुरू केला. १८९० नंतर अमेरिकेत डॉ. केलॉग यांनी आतून बल्ब लावलेली पेटी केली. माणूस तिच्यात बसून शेक घ्यायचा. डेन्मार्कचे डॉ. फिन्सन यांनी दुसऱ्या टोकाच्या, म्हणजे जांभळ्याच्या बाजूच्या किरणांनी कातडीचा क्षय बरा केला. त्यांना १९०३ साली नोबेल पारितोषिक मिळालं. आता परभणीच्या दवाखान्यातसुद्धा आजीच्या गुडघ्याला अवरक्त दिवा मिळतो.

कोरोनात कपाळापुढं बंदूक धरून ताप बघायचे, तिच्यात अवरक्त किरणच मोजतात, कारण आपल्या अंगातूनपण ते निघतात. टी.व्ही.चा रिमोट त्यांच्यावरच चालतो. पावसाळ्यात बातम्यांत ढगांचे फोटो दाखवतात. उपग्रह अवरक्त किरणांनी ते फोटो घेतो, म्हणून रात्रीचे ढगपण दिसतात. मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेनं हैदराबादहून मोठ्या फुग्याला बांधून अवरक्त दुर्बीण उंच आकाशात पाठवली. २००९ साली युरोपनं अवकाशात एक अवरक्त दुर्बीण सोडली. तिनं २०१३ पर्यंत काम केलं. तिचं नाव हर्षल यांचंच ठेवलं होतं.

पालकांना विनंती

आजीच्या पायाचा फोड आता बरा झाला. बाबा पुन्हा ताईंना भेटून आले. ताईंनी सांगितलं की दिव्यानं दुखणं तेवढ्यापुरतं कमी होतं, गुडघ्याची झीज भरून येत नाही. खरा उपाय म्हणजे रोजचा व्यायाम. दिवा फक्त व्यायामाच्या आधी सैल करायला. आता आजी रोज खुर्चीवर बसून पाय सरळ करते, मी मोजते. तिचं दुखणं गेलं नाही, पण ती आता देवळापर्यंत न बसता जाते.

आमच्या घरी आता हे नियम आहेत. ज्यांच्याकडे दिवा आहे त्यांनी पाळावेत अशी विनंती.

डॉक्टरांना विचारल्याशिवाय दिवा लावायचा नाही. शुगर असलेल्यांच्या पावलांवर तर कधीच नाही. दिवा दोन फूट लांब ठेवायचा. ऊन लागत नाही म्हणून जवळ ओढायचा नाही. आधी आईनं स्वतःचा हात धरून पाहायचा. १५ मिनिटं घड्याळ लावायचं. दिव्यासमोर झोपायचं नाही आणि दिव्याकडे पाहायचं नाही. ताजी सूज किंवा जखम असेल तर लावायचा नाही. मध्ये मध्ये कातडी पाहायची. आणि घड्याळ पाहणाऱ्यानं लगोरी खेळायला जायचं नाही.

न दिसणारी गोष्टपण खरी असते आणि ती भाजूपण शकते, हे मला आजीच्या पायावरून कळलं. ती नुसत्या अंदाजानं कळत नाही, मोजावी लागते, हे मला हर्षल यांच्याकडून कळलं. आमचा लोलक आणि तीन तापमापक आज खिडकीजवळच्या टेबलावर ठेवले आहेत. ऊन असेपर्यंत पालकांनी जरूर येऊन पाहावं. माझी आजीपण येणार आहे. तिला मी लालच्या पलीकडचा पारा दाखवणार आहे.

अशा या थोर शास्त्रज्ञास आणि त्यांच्या बहिणीस माझे विनम्र अभिवादन.